घरोघरी हिंडणारी ग्रामसभा

आमच्या गावची ग्रामसभा घरोघरी हिंडायची. खोटं सांगत नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई काखेत लांब पुठ्ठ्याची वही घेऊन सकाळीच गल्लीत शिरायचा आणि दारातूनच ओरडायचा, "वहिनी, सही!" कशाची सही, हे विचारायची पद्धत नव्हती. विचारलं असतं तर तोच दचकला असता. लग्न होऊन मी डोंगरकड्याच्या अलीकडच्या या गावात आले, त्याच महिन्यात पिठाच्या हातानं पहिली सही ठोकली. बी.ए.ला मी राज्यशास्त्र घेतलं होतं. लोकशाहीत सत्ता लोकांची असते, हे परीक्षेत चांगलं पानभर लिहिलं होतं. पण तव्यावर भाकरी असली की राज्यशास्त्र कुठलं आठवतं! माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, अंगठा उमटवायच्या, शाई डोक्याच्या केसांना पुसायच्या आणि परत परातीकडे वळायच्या.

अशा रीतीनं आम्ही सासू-सुनांनी अकरा वर्षांत एकही ग्रामसभा चुकवली नाही. आमच्याइतक्या जागरूक नागरिक अख्ख्या कळमनुरी तालुक्यात सापडल्या नसत्या.

माझी एक खोड आधीच सांगून टाकते. मला नको तिथं हसू येतं. लग्नात अंतरपाट धरलेला असताना मी खुदकन हसले होते, म्हणून आत्याबाई महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या. त्या स्वतः कधी हसत नाहीत. हसलं की बाईचं वजन कमी होतं, असं त्यांचं मत.

अंगणवाडीच्या बाबतीत मात्र मलाही हसू येत नव्हतं. मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत आमची अंगणवाडी भरायची. घरातून हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. माझी धाकटी लेक तिथं जायच्या वयाची झाली आणि त्याच वर्षी अंगणवाडी मोठ्या रस्त्याच्या पलीकडं गेली. का गेली, कुणी नेली, कुणाला पत्ता नाही. जुन्या खोलीत मात्र सरपंचबाईंच्या यजमानांची खताची पोती येऊन पडली. गावाचा कारभार तेच बघतात. सरपंचबाई पदर सावरत खुर्चीत बसतात, बोलतात ते.

त्या रस्त्यानं हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. रोज आत्याबाई नातीला धरून रस्ता ओलांडायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे, पण नातीला त्या दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. एके दिवशी पोरीची चप्पल मधेच निसटली आणि ती हात सोडून मागं पळाली. आत्याबाईंनी तिला झिपऱ्या धरून ओढलं. चप्पल ट्रॉलीखाली गेली. त्या घरी आल्यावर मी ती उरलेली एक चप्पल हातात घेऊन बराच वेळ बसले होते. पोरगी तेवढी नवी चप्पल मिळणार म्हणून खूश होती.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी शिव्याशापांचा नेमच धरला. रस्ता ओलांडताना रोज एकदा, परत येताना एकदा. "ज्यानं कुनी अंगणवाडी हलवली, त्याच्या तोंडात माती पडो. त्याच्या दोन्ही गुडघ्यांत वात भरो." मग थांबून स्वतःचे गुडघे चोळायच्या.

मी ठरवलं, हे कुणी केलं ते शोधायचंच. ग्रामपंचायतीत अर्ज दिला, त्या ठरावाची नक्कल द्या म्हणून. ग्रामसेवक पहिल्यांदा म्हणाले, शिक्का नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, लाइट नाही. तिसऱ्यांदा मी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन गेले आणि त्यांच्या समोरच्या बाकावर फोडत बसले. मागणं हा माझा हक्क होता आणि शेंगाही घरच्याच होत्या. टरफलांचा ढीग टेबलाच्या पायापर्यंत आला तेव्हा त्यांनी नक्कल दिली.

संध्याकाळी चुलीपुढं बसून मी ती वाचायला काढली. थोरली लेक शेजारीच संविधानाची उद्देशिका पाठ करत होती. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं म्हणायची होती तिला.

"आम्ही भारताचे लोक," ती म्हणाली.

"आमी म्हंजे कोन गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"सगळे. आजी, तू पण."

"मी काहून? मला तर कुनी इचारलं न्हाई." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू वाच. कोन हाय तो भाड्या, ते कळू दे."

मी वाचलं. खोली धोकादायक असल्यानं अंगणवाडी रस्त्यापलीकडं हलवावी, असं ग्रामसभेत सर्वानुमते ठरलं. अनुमोदक, म्हणजे ठरावाला पाठिंबा देणारी, असं लिहून पुढं माझं नाव होतं. माझं! पूर्ण नाव, आडनावासकट. आणि त्याच्या वर सूचक, म्हणजे ज्या व्यक्तीनं हा ठराव सगळ्यांत आधी मांडला ती. ते नाव मी दोनदा वाचलं आणि माझ्या पोटातून हसू वर यायला लागलं.

"वाच की. कोन हाय तो मुडदा बशिवला?"

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुमी हायसा."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरल्या. वर्षभर दिवसातून दोनदा दिलेले शाप आता मोजायलाही नकोत. त्यांनी हळूच आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले, आणि मी चुलीपुढून उठून न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबला. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग रडूही आलं, कारण ती चप्पल आठवली. रस्त्यापलीकडं माझ्या लेकीला दुसऱ्या कुणी नाही, मीच पाठवलं होतं. पिठाच्या हातानं.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत ती नक्कल फिरवली. जिचं तिचं नाव कुठल्या ना कुठल्या ठरावात निघणार, हे सगळ्यांना उमगलं. शेजारची उंच बाई तर खूपच खूश झाली. "म्हंजे इतके दिवस आमीच गाव चालवून राहिलो व्हय!" तेव्हाच ठरलं की या सव्वीस जानेवारीला घरी कुणी सही करायची नाही. सही तिथंच, ग्रामसभेत, तोंडानं बोलून, आणि अंगणवाडी परत आणायचा ठराव करून.

मी सगळ्यांना नियम समजावला. आमच्या गावच्या सभेला शंभर मतदार लागतात. तेवढे भरले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुढच्या वेळी भरली की तिला मात्र किती माणसं हवीत याची अट नाही. म्हणजे सव्वीसला शंभर भरले नाहीत, तर पुढची सभा सरपंचबाईंचे यजमान आणि त्यांचे चार चुलतभाऊ मिळून उरकणार. अंगणवाडी कायमची पलीकडं.

शिपाई वही घेऊन आला तेव्हा प्रत्येक दारातून एकच उत्तर, "तिथंच येतो." तो बिचारा गल्लीच्या टोकाला जाऊन घाम पुसत उभा राहिला. पण आमच्या घरी त्या वेळी मी नव्हते. आत्याबाई एकट्या तूर पाखडत होत्या. त्यांनी सवयीनं अंगठा पुढं केला, शाई केसांना पुसली आणि सूप परत हातात घेतलं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, थोरलीनं न अडखळता उद्देशिका म्हटली, जिलेबी वाटली, आणि शाळेसमोरच्या लिंबाखाली सभा भरली. आत्याबाई आल्या नव्हत्या. या घरची बाई कधी सभेत गेली नाही, म्हणाल्या, आणि धाकट्या नातीला घेऊन घरीच बसल्या. मी जोर केला नाही. मला वाटलं, शंभर तर सहज होतील.

मोजणी सुरू झाली. ग्रामसेवक बोट दाखवून मोजत होते आणि आमच्या बायका एकदम आनंदात होत्या. लेकराला वर उचलून कुणी म्हणायची, "हे बी धरा!" एका पोटुशीला चारजणींनी पुढं ढकललं, "हिला दोन मोजा, साहेब!" मतदार यादीत नाव लागतं, असं ग्रामसेवक गंभीरपणे समजावत होते, आणि त्यात त्यांचा आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून. ऐंशी झाले, नव्वद झाले. एकजण म्हैस सुटली म्हणून पळाला, त्याच्या बायकोनं त्याला मागून गाठून परत आणला. म्हैस गेली तर गेली, म्हणाली. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव.

आणि तिथंच थांबलं.

सरपंचबाईंच्या यजमानांनी घड्याळ पाहिलं. "चला, तहकूब करा."

"थांबा," शिपाई वही उघडून म्हणाला. बिचारा मदतच करत होता. "ह्यो एक अंगठा कालच घेतलेला हाय. धरला तर शंभर बराबर होतात."

पण पाच मिनिटांपूर्वीच शेजारची उंच बाई ओरडली होती की वहीतलं माणूस चालणार नाही, लिंबाखालचं डोकं पाहिजे. आम्हीच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. यजमान हसले. "तुमचाच नियम हाय, वहिनी. डोकं दाखवा."

तो अंगठा कुणाचा, हे मला बघायचीही गरज नव्हती. "पाच मिनिटं!" म्हणून मी पळत सुटले. साडीचा घोळ हातात, एक चप्पल वाटेत गेली.

घरी पोचले तर आत्याबाई नवं लुगडं नेसून ओसरीवर बसलेल्या. शेजारी थैली. थैलीत दोन चोळ्या, कंगवा आणि तंबाखूची चंची.

"कुठं निघालात?"

"तू पळत आलीस ते बघूनच समजलं," त्या म्हणाल्या. "मला न्यायला आले ना? कळमनुरीच्या ठाण्यात नेतेत का हिंगोलीला?"

त्यांना वाटत होतं, अंगणवाडी हलवल्याची केस त्यांच्यावर झाली. चार दिवस त्या मनात हेच घेऊन फिरत होत्या. नात त्यांच्या मांडीवर बसून थैलीतला कंगवा बाहेर काढत होती आणि त्या परत आत ठेवत होत्या. मला असं काही हसू आलं की मी अंगणातच बसले. वेळ नव्हता, तरी बसले. मग त्यांचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली. त्यांचा हात धरला.

"आत्याबाई, कुनी न्हाई नेत. पन कायदा असा हाय, जिनं अंगणवाडी हलवली तिनंच आणायची. तुमच्याबिगर येत न्हाई."

असा कायदा कुठंही नाही. तो मी अंगणात बसल्या बसल्या केला. पण आत्याबाई ताडकन उठल्या. गुडघे दुखणारी ती बाई नातीला कडेवर घेऊन माझ्या पुढं चालायला लागली. थैली ओसरीवरच राहिली.

लिंबाखाली आम्ही पोचलो तेव्हा यजमान खुर्चीवरून उठलेले. "शंभर!" शेजारची उंच बाई ओरडली आणि बायकांनी असा कालवा केला की झाडावरचे कावळे उडाले. सरपंचबाईंच्या तोंडावर पदर होता, पण डोळे हसत होते, ते मी पाहिलं. त्यांच्याही घरात लेकरू होतंच की.

ठराव आत्याबाईंनीच तोंडानं मांडला, मत घेतलं, हात वर झाले. पुढं महिनाभरात पोती निघाली, खोली सारवून झाली आणि अंगणवाडी परत आली. पण मला त्या दिवसाचं आठवतं ते वेगळंच.

ठराव लिहून झाला. ग्रामसेवकांनी शाईचं पॅड पुढं केलं. आत्याबाईंनी अंगठा टेकवला आणि परत उचलला.

"आधी वाचून दावा, काय लिवलं ते."

ग्रामसेवकांनी झेंड्यासाठी लावलेला माइक जवळ ओढला आणि वाचलं. अंगणवाडी मारुती मंदिराशेजारील मूळ खोलीत परत आणण्यात यावी. सूचक, आणि मग आत्याबाईंचं नाव. त्यांचं स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. कर्ण्यातून ते नाव पार रस्त्यापर्यंत गेलं. गावात त्यांना कुणी आत्याबाई म्हणतं, कुणी मोठी माय, कुणी माझ्या नवऱ्याची आई. अकरा वर्षांत मी ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आत्याबाई अंगठा तसाच धरून उभ्या. "पुन्यांदा वाचा."

ग्रामसेवकांना वाटलं, ठराव समजला नाही. त्यांनी सावकाश, एकेक शब्द तोडून अंगणवाडीपासून सुरुवात केली.

"ते न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "ते कळलं. त्याच्या खालचं वाचा."

त्यांनी वाचलं. या वेळी हसू मला नाही, आत्याबाईंना आलं. पदर तोंडाशी धरून त्या इतक्या हसल्या की वहीत अंगठा दोनदा उमटला.