सगळीच डांगरं निरोगी

एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी ती कुणाची तरी हिसकावली असं मला वाटत राहतं. पुण्याहून कोल्हापूरला निघालो तेव्हा त्यात आणखी एक काळजी होती. गडमुडशिंगीला आक्का नावाच्या शेतकरी बाईंच्या रानात आमच्या संशोधन केंद्रानं डांगराचे (लाल भोपळ्याचे) वेगवेगळे वाण लावले होते. पांढरी माशी जो विषाणू आणते, त्याला त्यातला एखादा तरी पुरून उरतो का, ते बघायचं होतं. आजवर एकही उरला नव्हता, आणि हा शेवटचा हंगाम, असं साहेबांनी बजावलं होतं.

बांधावरच थबकलो. वेल हिरवेगार. पिवळा डाग नाही, आकसलेलं पान नाही. तुलनेसाठी मुद्दाम लावलेला, हमखास आजारी पडणारा वाणसुद्धा टवटवीत. तिथंच मला शंका यायला हवी होती. मी त्याचाही फोटो काढला आणि आवाज शक्य तितका नम्र ठेवून साहेबांना फोनवर यश कळवलं.

आक्कांनी जेवायला बसवलं. डांगराच्या घाऱ्या, खर्डा, दही. खाता खाता मी वेलांचं कौतुक केलं.

"ब्येस हाईत की," आक्का म्हणाल्या. "माशी लई बसत हुती. आठवड्याला फवारा मारतीया."

मी हातातली घारी ताटात ठेवली. फवारू नका, हे सांगायचंच मी विसरलो होतो. लावणीच्या दिवशी भावुक होऊन, पोटच्या पोरासारखं जपा, एवढंच म्हणालो होतो. या वेलांना आजारी पडू द्यायचं होतं, हे मी ताटाकडे बघत सांगितलं.

"मग तसं सांगायचं की, पावणं. पोरागत जपा म्हणून कशाला सांगितलासा?" मग माझ्या ताटात दही वाढत म्हणाल्या, "फुडच्या बारीला वरच्या तुकड्यात लावा. दारातनं दिसाय नगंत. मला बगवायचं न्हाय."

स्टँडवरून साहेबांना पुन्हा फोन लावला. विषाणूला दाद न देणारा वाण सापडलेला नाही, असं सांगितलं.

"मग सकाळी काय सापडलं होतं?"

"फवारा," मी म्हणालो.

हा हंगाम हिशेबात धरायचा नाही, पुन्हा लावा, साहेब म्हणाले. मात्र या वेळी सूचना ते स्वतः लिहून देणार होते.

परतताना वाटेत विचार करत होतो. रोपांना रोग होऊ द्यायचा आणि तो बघत राहायचं, हे माझं काम. इतकी वर्षं ते करतोय. पण कुणाला मोठ्यानं सांगायची वेळ आली की माझ्या तोंडी पोटच्या पोराची भाषा येते. आता वेल वरच्या तुकड्यात असतील. आक्कांना ते दिसणार नाहीत. मला मात्र दर आठवड्याला जाऊन बघावे लागतील.