दार राहू द्या

सोमवारी दुपारी विहिरीची कड ढासळली आणि खोदकाम करणारे भिकाजी मातीखाली अडकले. संध्याकाळी त्यांना जिवंत बाहेर काढलं. बुधवारी मी बातमीसाठी त्यांच्या घरी गेले.

“भीती वाटली?”

“वरचे म्हणत होते, आता उकरून काय उपयोग? मला सगळं ऐकू येत होतं, ताई. माझी हाक वर पोचत नव्हती.”

‘मृत्यूच्या दाढेतून’ हा मथळा मी वाटेतच ठरवला होता. तो खोडला. या वाक्याशेजारी माझा कुठलाच शब्द टिकेना.

निघताना मी सवयीने दार ओढलं.

“दार राहू द्या!” भिकाजी ओरडले.

“परवापासून हेच,” बायको म्हणाली. “मांजर रोज दूध पिऊन जातंय.”

गल्लीच्या टोकावरून वळून पाहिलं. दार उघडं होतं.