आजार आईच्या नावावर

पायल परतूरची. वडील राजानंद जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, घराण्यातले पहिले पदवीधर. आई बेबीनंदा घरीच ब्लाउज शिवायची. पायल जालन्याला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती, संध्या नावाच्या मैत्रिणीसोबत खोली करून राहायची. गल्लीत कुणाचं पोर अभ्यासाचा कंटाळा करायला लागलं, की त्याला पायलचं नाव ऐकवलं जायचं.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर तिचं काहीतरी बिनसलं. पुस्तक उघडायची, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची, अर्थ लागायचा नाही. प्रयोगशाळेत मोजमाप चुकायचं. केस विंचरणंही जिवावर यायचं. संध्याच्या आग्रहावरून रक्त तपासलं, तर सगळं व्यवस्थित निघालं. ते ऐकून पायल जिन्यात बसून रडली. रक्तात काही सापडलं असतं, तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं.

कॉलेजात ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी होती, पण दाराला कायम कुलूप. ते काम एका मॅडमच्या गळ्यात जादा म्हणून घातलेलं. पायल त्यांच्याकडं गेली, तेव्हा पेपर तपासता तपासता त्या ऐकत होत्या. पायलनं जीव एकवटून सांगितलं, “मॅडम, सकाळी जाग आली की वाटतं, आलीच नसती तर बरं झालं असतं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. घाबरल्या असाव्यात. “प्राणायाम करत जा,” म्हणाल्या, “आणि हे बाहेर कुठं बोलू नकोस.” त्याच दुपारी त्यांनी राजानंदना फोन लावला. “पोरीचं अभ्यासात मन नाही. काही भानगड आहे का, बघून घ्या.”

दुसऱ्या दिवशी राजानंद खोलीवर हजर. आधी मोबाइल काढून घेतला.

“कोण हाय तो?”

“कोणीच न्हाई, पप्पा.”

“मंग रडून कामून राह्यली?”

ते तिला परतूरला घेऊन निघाले. रेल्वेत तिच्या शेजारी बसून ते म्हणाले, “बाबासाहेबांनी उपाशीपोटी अभ्यास केला. तुला काय कमी हाय?” शाळेत असताना जयंतीच्या भाषणात हेच वाक्य ती छाती काढून म्हणायची. म्हणूनच ते वर्मी लागलं. खरंच, कमी काहीच नव्हतं. म्हणजे खोट आपल्यातच, असं तिच्या मनानं घेतलं.

घरी ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. शेजारीण म्हणाली, एखाद्या बाबाकडं नेऊन आणा. “आमच्यात तसलं चालत न्हाई,” बेबीनंदानं तोडून टाकलं. पण डॉक्टरचं नावही घरात कुणी काढलं नाही.

एका दुपारी आई मशीनवर बसलेली असताना पायल भिंतीकडं बघतच बोलली, “आई, मला जगावंसंच वाटत न्हाई.”

मशीन थांबलं. आई उठून तिच्या अंगाला लागून बसली. रागावली नाही, रडली नाही.

“कव्हापसून?”

“दिवाळीपसून.”

“आन् येकलीच घेऊन बसली व्हय गं?”

दुसऱ्या दिवशी डोळे दाखवायला नेते असं नवऱ्याला सांगून बेबीनंदानं पायलला जालन्याला सिव्हिलमध्ये आणलं. मनोविकाराच्या खोलीबाहेर दोघी रांगेत उभ्या राहिल्या. तेवढ्यात मागच्या गल्लीतली प्रभावती दिसली, नवऱ्याच्या पायाचं प्लास्टर काढायला आलेली.

“जयभीम, बेबीताई! हितं कश्या? ही तर येड्यायची लाइन हाय.”

पायल आईच्या मागं सरकली. आई मात्र सहज बोलली, “मलाच दाखवायचंय, बाई. झोप येत न्हाई, डोकं फिरल्यावानी होतं. पोरगी संगं आली.”

पायलनं तोंड उघडलं, तशी आईनं तिचा हात करकचून दाबला.

आत डॉक्टरबाईंनी आईला थोडा वेळ बाहेर बसवलं. पायल म्हणाली, “आधी एकीला सांगितलं होतं. तिनं घरी फोन केला.”

“इथलं बोलणं तुला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुझ्या जिवाला धोका वाटला तर आईला सांगावंच लागेल. आज तसंच वाटतंय, म्हणून आधी तुला सांगते.”

पायलनं मान हलवली. पहिल्यांदाच कुणी तिला न फसवता बोललं होतं. डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, नैराश्य. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर तिला एकटं सोडू नका, असं आईला बजावलं. दर आठवड्याला समुपदेशक ताईंकडं यायचं ठरलं.

दोघी परतूरला पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. बेबीनंदाच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे. बायका शिवायला टाकलेलं कापड परत न्यायला लागल्या. असल्या बाईच्या हातात कात्री कशी द्यावी? एक दिवस पायलनं बघितलं, आई रिकाम्या मशीनपुढं नुसतीच बसली होती.

राजानंद शाळेतून तणतणत आले. “तुला काय धाड भरली? मास्तर लोक मला विचारून राह्यले!”

पायल दारात उभी होती. गोळ्यांनी तोंड कोरडं पडलेलं, जीभ टाळूला चिकटलेली.

“आजारी मी हाय, पप्पा. आई न्हाई.”

मग मॅडमना सांगितलेलं वाक्यही तिनं सांगितलं. राजानंद बाजेवर मटकन बसले.

“मॅडम हे बोलल्या न्हाईत मला.”

“तुम्ही विचारलं असतं तर मीच बोलले असते. तुम्ही ‘कोण हाय’ विचारलं.”

ते उठून बाहेर गेले, ते दिवेलागणीलाच परतले. चुकलं, असं काही म्हणाले नाहीत. पण पुढच्या खेपेला रजा काढून जालन्याला आले. दवाखान्याच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर थांबले. आत यायची हिंमत झाली नाही. त्याच्या पुढच्या खेपेला रांगेत उभे राहिले, तोंडाला रुमाल बांधून.

परीक्षा हुकली. वर्ष वाया गेलं. काही सकाळी पायलला अजूनही उठवत नाही, काही सकाळी ती उठून आईच्या आधी चहा ठेवते. मशीनवर काम मात्र अजून फारसं येत नाही. पायल एकदा तावातावानं म्हणाली, “मी प्रभावतीकाकूला खरं काय ते सांगूनच येते.”

“आधी नीट जेव,” आई म्हणाली. “गल्लीला कसली घाई हाय?”

पायलला ते पटलं नाही. आईशी ती त्यावरून अजून भांडते.