ओल लागेपर्यंत

जानेवारीच्या ग्रामसभेत रुतिलिओनं कागद वाचून दाखवला, आणि वाचताना त्यानं एकदाही मान वर केली नाही. करणार कशी? समोर पहिल्याच बाकावर त्याची सख्खी मावशी मक्रिना बसलेली. हिच्याच चुलीपुढे मक्याच्या गरम तोर्तिया खात तो वाढला, इथूनच शिकायला राजधानीत गेला आणि मक्याच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागला. केंद्रानं सभेची रीतसर परवानगी घेऊन आमच्या डोंगराचं बी नेलं होतं. म्हणजे मक्रिनाच्याच चुलीवर धुरात टांगलेली कणसं. आता निकाल आला होता. पाणी तोडल्यावर अठराव्या दिवशी सगळी रोपं मेली, सबब हे बी दुष्काळाला टिकत नाही.

"ऐकलंत सगळ्यांनी," सरपंच फिलोगोनिओ म्हणाला. "म्हणजे यंदा गावकीच्या शेतात पाकिटातलं बी. पाऊस आला की पेरायचं, कंबरडं मोडायचं काम नाही."

मक्रिनाचं स्वतःचं शेत दोन पावसाळ्यांपूर्वी कड्यासकट घसरून ओढ्यात गेलं होतं. बाकीच्यांनी डोंगरी बी केव्हाच सोडलं, कारण खणायला घरात माणूस उरला नाही, पोरं सगळी मजुरीला उत्तरेला, सरहद्दीपार. उरलं ते गावकीचं शेत. टांगलेली कणसं दोन वर्षांची झालेली. आणखी एक वर्ष मातीत पडलं नाही तर ते बी उठत नाही, हे तिला आईनं सांगितलेलं. तिला मूलबाळ नव्हतं. मागे राहील असं तिच्याकडे होतं ते एवढंच.

"रुती," ती म्हणाली, "किती खोल पेरलंत?"

"बोटभर."

मागच्या बाकावरचे म्हातारे फसकन हसले. "बोटभर! अरे, कोंबड्यांसाठी पेरलंत की काय?"

"मावशी, मी तुला फोनवर विचारलं होतं," रुतिलिओ आता कुठे वर बघून म्हणाला. "म्हटलं, खोलीच्या रकान्यात काय लिहू? तू म्हणालीस, ओल लागेपर्यंत. मी तेच लिहिलं. केंद्रात पेरणीआधी शेत भिजवून घेतात. ओल बोटभरावरच लागली."

झालं! हसू होतं ते सगळं मक्रिनावर उलटलं. आता यात तिचं चुकलं काय, सांगा. आमच्याकडे फेब्रुवारीत वरची माती राखेसारखी असते. ओल लागेपर्यंत म्हणजे कोपर बुडेपर्यंत खणायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणी मोजलंय कधी? पण बाईचं तोंड लाल झालं. आपल्याच जिभेनं आपलं बी मारलं म्हणून तिला भर सभेत लाज वाटली.

"तू तर इथला ना? तुला नाही कळलं?"

"पेरणीच्या दिवशी मी सुट्टीवर होतो," रुतिलिओ पुटपुटला. "इथंच. तुझ्या हातचं जेवायला आलो होतो."

मक्रिना उठली. शाल खांद्यावर ओढून घेतली. "चूक माझ्या तोंडाची आहे. दंड करायचाय तर मला करा. बियाला कशाला?"

"बाई, कागद तो कागद," फिलोगोनिओ म्हणाला. "आणि खणणार कोण?"

"मी."

"तुमचं वय किती?"

"खणून झालं की सांगते."

बरीच वादावादी झाली. शेवटी सभेनं तिला वरचा खडकाळ कोपरा दिला. तोही मदतीला एक माणूस न देता, आणि अट घालून, की नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणापर्यंत कणसं दिसली नाहीत तर या बियाचं नाव गावकीच्या शेतात पुन्हा काढायचं नाही. चौसष्ट वर्षांच्या विधवेला खडकाळ कोपरा! मीही त्या सभेत हात वर केला होता, आता खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत ती लोखंडी टोकाचा दांडा घेऊन कोपऱ्यात उतरली. पहिल्या खड्ड्यात पुल्के, घायपाताची आंबवलेली दारू, ओतून मातीला घोटभर पाजलं, मग खणत सुटली. प्रत्येक खड्डा कोपरभर. तळाची काळी माती मुठीत दाबायची, गोळा झाला की ओल लागली. कणसाच्या मधल्या भागाचे चार दाणे, वर वीतभर भुसभुशीत माती, आणि पुढचा खड्डा. दिवसाला पंचवीस व्हायचे.

"मक्रिना, कबर कुणाची गं?" शेजारीण वाटेवरून ओरडली.

"तुझीच. ये, माप देऊन जा."

मार्चमध्ये कोंब वर आले. एप्रिल कोरडा गेला, मेही तसाच. रोपं गुडघ्याएवढी झाली आणि वाढायचीच थांबली. पानं विडीसारखी गुंडाळून उभी. फिलोगोनिओ येता-जाता थांबायचा. "बाई, तुमचा मका रुसलाय."

"रुसू दे. मेलेला रुसत नाही."

बोलायची असं, पण आतून हादरली होती. रोज तांबडं फुटायच्या आधी ती कोपऱ्यात जाऊन बसायची, पानं उलगडलीत का बघायला. गारव्यानं पान सुटलं की रोप जिवंत. एक दिवस चार रोपं सुटली नाहीत. त्या दिवशी ऊन चढलं तरी ती त्या चारांपाशीच बसून राहिली.

मेअखेर रुतिलिओ आला. न विचारता त्यानं दांडा उचलला आणि सुकलेल्या चारांपैकी एकाच्या बाजूनं माती काढत खाली गेला. मातीच्या पोटात वीतभर लांब, पांढराशुभ्र देठ होता. अंधारातून उजेडापर्यंत चढलेला.

"मावशी, बियाच्या आत जनुकांची घराणी असतात," तो बसकण मारून म्हणाला. "एक घराणं म्हणतं, वाढ. दुसरं म्हणतं, ऊन आहे, थांब, जीव सांभाळ. दोघांचं पटलं नाही तर रोप मरतं. काही वाढत-वाढतच मरतात."

"तुझे आजोबा तसेच. आजी ओरडत राहायची, थांबा म्हणून."

"या बियात दोघं एकमेकांचं ऐकतात. अंधारात थांबत नाही, उन्हात धावत नाही. आम्ही बोटभर पेरून पहिल्याचं, वाढ म्हणणाऱ्याचं, तोंडच बंद केलं." त्यानं उकरलेली माती पुन्हा खड्ड्यात लोटली. "साहेब म्हणतात, पुन्हा बी पाठवा."

"कागद पाठवतील, मी बी पाठवू? साहेबांना सांग, बी पाहिजे तर हात पाठवा."

पाऊस आला तो जुलैत. खाली गावकीनं पाकिटातलं बी पेरलं आणि ते तरारून वर आलं, खोटं नाही, बघत राहावं असं. मक्रिनाच्या रोपांनी पहिल्या सरीला पानं सोडली आणि राहिलेली वाढ दीड महिन्यात उरकली. सप्टेंबर सरता सरता तिनं ताटं मोडून वाकवली, पिकलेल्या कणसात पाणी जाऊ नये म्हणून. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे कडाक्याच्या थंडीनं दव गोठलं. खालचं शेत अजून दुधात होतं, दाणे कोवळे. दुपारपर्यंत ते काळं पडलं.

आम्ही सगळे बांधावर उभे होतो. मक्रिनाही होती. हसली नाही ती. गावकीचा मका म्हणजे सणाचं जेवण, म्हाताऱ्यांचं वर्षाचं धान्य, आणि ते सगळं जळालेलं. तिनं कोपऱ्यातली कणसं तोडली. सोळा टोपल्या निघाल्या. मृतांच्या सणाला पहिली टोपली तिनं गावच्या वेदीवर ओतली, दुसरी फिलोगोनिओच्या दारात ठेवली.

"यातलं खायचं नाही," ती म्हणाली. "फेब्रुवारीत दांडा घेऊन यायचं."

फेब्रुवारीत अख्खी गावकी आली, सरपंचासकट. आणि केंद्रातले मोठे साहेबही आले, नवे बूट घालून, हातात मोजपट्टी. मक्रिनानं मोजपट्टी काढून घेतली आणि दांडा दिला. साहेब वीतभर खणून थांबले, तळहात उघडून फोड बघू लागले.

"एवढं पुरे? रकान्यात भरतो."

मक्रिना गुडघ्यांवर बसली, बाही सारली आणि खड्ड्यात हात घातला. तळाची माती मुठीत दाबून वर आणली, साहेबांच्या तळहातावर ठेवली. माती भुरभुर सांडली.

"ओल लागली?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मग खणा."