चालू नोंदी

बाईंचा फोन आला तेव्हा मी लोअर परळच्या ऑफिसात एका ग्राहकाला पत्र लिहीत होते. पत्र नेहमीचंच होतं. आमचं अमुक सॉफ्टवेअर जुनं झालं आहे, अमुक तारखेनंतर आम्ही त्याची देखभाल करणार नाही, तोवर आपण नवीन घ्यावं. गेली काही वर्षं माझ्या नोकरीचा बराचसा भाग अशी पत्रं लिहिण्यात जातो.

"तुझा प्रोग्राम उघडत नाही गं," बाई म्हणाल्या. "कॉम्प्युटरच उघडत नाही. काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते नुसती."

बाई म्हणजे भोईवाड्याच्या म्युनिसिपल शाळेत मला पाचवी ते सातवी शिकवणाऱ्या बाई. आता एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. शाळेत असल्यापासूनच त्या घरी वधू-वर सूचक केंद्र चालवायच्या. आमच्या बौद्ध समाजातली, नायगाव, परळ, माहीम, चिंचपोकळीच्या चाळींतली स्थळं. दर रविवारी सकाळी त्यांच्या दोन खोल्यांत आईबाप फोटो घेऊन बसलेले असायचे.

प्रोग्राम माझा, हे खरं होतं. नव्वदच्या दशकात मी दादरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नुकती नोकरीला लागले होते. बाईंनी हौसेने कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर कोणीतरी लग्न जुळवायचा तयार प्रोग्राम घालून दिला होता. त्यात नावानंतर लगेच रास, नक्षत्र, नाडी, गोत्र. ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. बाईंनी चारही ठिकाणी 'नाही' असं लिहिलं आणि पन्नासेक नोंदी भरल्या. मग जोड्या शोधायला सांगितल्यावर प्रोग्रामने प्रत्येक मुलामुलीपुढे शून्य गुण दाखवले.

"कोणाचंच कोणाशी जुळत नाही म्हणतो हा मेला," त्यांनी मला घरी बोलावून दाखवलं. "ही गोत्रंबित्रं काढून देतेस का यातून?"

दुसऱ्याच्या प्रोग्राममधून मला काही काढता येणार नव्हतं. म्हणून मी नवीनच लिहिला. नोकरीवरून सुटले की रोज भोईवाड्याला जायचं, बाईंनी केलेली पोळीभाजी खायची आणि लिहायला बसायचं. महिन्याभरात झाला. नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, पत्ता, फोन, अपेक्षा. तेव्हा मराठी अक्षरं पडद्यावर आणणं सोपं नव्हतं, म्हणून सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं. अपेक्षेला मी साठ अक्षरं ठेवली, कारण तेवढीच एका ओळीत मावत होती. शेवटी 'स्थिती' असा एक रकाना होता, त्यात दोनच पर्याय: चालू किंवा ठरले. मी तिसरा, 'बंद', घालणार होते. बाई नको म्हणाल्या.

"बंद कशाला? ठरेपर्यंत चालूच."

पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मी तो प्रोग्राम सांभाळला. दोन हजार साल आलं तेव्हा तारखांतले वर्षाचे दोन आकडे चार केले. मुंबईचे फोन सात आकड्यांचे आठ झाले तेव्हा सगळ्या नंबरांपुढे दोन लावला. मग मोबाइल आले, तेव्हा तो रकाना पुन्हा वाढवला. अपेक्षेची जागाही कधीतरी दुप्पट केली, पण आधीच्या नोंदी तुटल्या होत्या त्या तुटक्याच राहिल्या. कॉम्प्युटर बदलला की नव्या मशीनच्या आत जुन्या मशीनचं सोंग उभं करायचं आणि त्यात प्रोग्राम चालवायचा, असंही तीनदा केलं. दर वेळी म्हणायचे, "बाई, आता हे बंद करूया." दर वेळी त्या विचारायच्या, "चालतंय ना?" चालत असायचं.

या वेळी मात्र हार्ड डिस्कच गेली होती. मी ती काढून ग्रँट रोडला एका ओळखीच्या दुकानात नेली. चार दिवसांनी त्यांनी माहिती काढून दिली, जवळपास सगळी. ती माझ्या लॅपटॉपवर घेऊन मी रविवारी बाईंकडे गेले आणि सरळ सांगून टाकलं की नोंदी मिळाल्या, पण प्रोग्राम मी आता पुन्हा बसवून देणार नाही. माझंच वय एक्कावन्न झालं. माझ्या मागे तो समजणारं कोणी नाही. आणि नवीन नोंद करायला गेल्या दोन वर्षांत कोणीही आलेलं नव्हतं, मुलं फोनवरच नाव घालतात. हे सगळं मी वाटेत पाठ करत आले होते. बोलताना ते ऑफिसातल्या पत्रासारखं वाटायला लागलं.

"आमच्याकडे याला एंड ऑफ लाइफ म्हणतात," मी म्हणाले.

"कोणाची लाइफ?"

"प्रोग्रामची, बाई."

 मला वाटलं, बाई रागावल्या. पण त्यांचा विचार दुसराच चालला होता.

"बरं, प्रोग्राम बंद. मग त्यातली माणसं?"

"कुठली?"

"चालू असलेली. फॉर्मवर खाली छापलंय, स्थळ ठरेपर्यंत नोंद राहील. त्याखाली सही माझी आहे. तुझं मशीन बंद पडलं म्हणून मी त्यांना वाऱ्यावर सोडू? विचारायला नको त्यांना?"

मी लॅपटॉपवर मोजून पाहिलं. चालू नोंदी तीनशेच्या वर होत्या. सगळ्यात जुनी पहिल्याच दिवसाची. मी सांगितलं की यातल्या बहुतेकांची लग्नं कधीच होऊन गेली असतील, फक्त कळवायचं राहिलं असेल. बाई म्हणाल्या, "तेच विचारू."

मी नाव, फोन, पत्त्यांसकट यादी छापून आणली. बाईंनी शाळेतला लाल पेन काढला आणि आम्ही दर रविवारी दहा ते एक फोन करायला लागलो. नंबर मी लावायचे, बोलायच्या त्या.

क्रमांक एक माझाच होता. प्रोग्राम चालतो का बघायला मी स्वतःची माहिती भरली होती आणि बाईंनी ती कधी पुसू दिली नव्हती. माझं लग्न झालं नाही. दोन-तीन स्थळं आली, एकदा ठरता ठरता राहिलं, मग वडील आजारी पडले, मग मला सवय झाली. बाईंनी पेन हातात धरून, समोर मी बसलेली असूनही, फोनवर बोलावं तसं विचारलं, "नोंदणी क्रमांक एक. ठेवायची की काढायची?"

"काढा."

"विचार करून सांग."

"केलाय बाई. काढा."

त्यांनी लाल रेघ मारली. मला वाटलं होतं की हसू येईल, पण आलं नाही. मी उठून पाणी प्यायले आणि क्रमांक चारला फोन लावला. दोन आणि तीन कधीच ठरले होते.

निम्म्याहून जास्त नंबर अस्तित्वातच नव्हते. लागले त्यांतले बरेच जण आधी गोंधळायचे, मग "जय भीम बाई!" असं ओरडायचे. एकीने सांगितलं, "अहो बाई, माझी मुलगी बारावीला आहे, तिचंच नाव घाला आता." एका घरात मुलाच्या आईने फोन उचलला. तो करोनात गेला होता. बाई तिच्याशी अर्धा तास बोलल्या, लग्नाचा विषय न काढता. फोन ठेवल्यावर त्यांनी त्या नावापुढे काहीच लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या रविवारी आम्ही पुढचे फोन केले नाहीत.

तिसऱ्या रविवारी चिंचपोकळीच्या एका माणसाचा फोन लागला. चोपन्न वर्षांचा, एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस. बाईंनी त्यालाही विचारलं, नोंद ठेवायची की काढायची.

"माझी नोंद अजून आहे?" तो म्हणाला.

"आहे ना. चालू आहे. आम्ही आता केंद्र बंद करतोय, म्हणून विचारतेय."

"मला वाटलं, ती कधीच काढली असेल. बाई, मी येऊ का? मला बघायचीय."

तासाभरात तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांची पिशवी. मी लॅपटॉपवर त्याची नोंद उघडून दिली. तो वाचायला लागला. अपेक्षेच्या रकान्यात होतं: मुलगी शिकलेली असावी नोकरी असेल तरी चालेल पण आईचे औष. तिथे साठ अक्षरं संपली होती.

"पुढचं कुठे गेलं?"

माझा चेहरा उतरला असावा. मी खरं काय ते सांगितलं. जागा मीच कमी ठेवली होती, आणि मूळ फॉर्मांना वाळवी लागली म्हणून ते टाकून द्यावे लागले होते.

"आईचे औषधपाणी करणारी हवी, असं होतं," तो म्हणाला. "आईनेच लिहायला लावलं होतं. मी म्हणत होतो, असं नको लिहूस, कोण येईल? आणि बघा, छापलंच गेलं नाही. तरी कोणी आलं नाही." तो स्वतःच हसला. "आईला जाऊन बारा वर्षं झाली, मॅडम. तुमचा काही दोष नाही."

बाईंनी विचारलं, "मग आता काय अपेक्षा?"

"आता काय बाई. संध्याकाळी बोलायला कोणी असलं तर बरं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी सातवीपासून ओळखते, फळ्यापुढे बोलावायच्या आधीची.

"बाई, नाही," मी म्हणाले.

"मी काही बोलले का?" असं म्हणून त्यांनी यादी उलटी चाळली आणि आदल्या रविवारच्या एका नावावर पेन ठेवला. माहीमची, एकोणपन्नास वर्षांची, दवाखान्यात नर्स. तिने नोंद काढू नका म्हटलं होतं, काढायची घाई काय आहे म्हणून.

पुढच्या रविवारी दोघं बाईंच्या बाहेरच्या खोलीत भेटली. आम्ही दोघी आत बसून मुद्दाम मोठ्याने भांडी लावली. एकदा तिचं हसणं ऐकू आलं. बाईंनी माझा दंड दाबला. मग ती दोघं एकदा दादरला चहाला भेटली. नंतर तिचा बाईंना फोन आला: माणूस चांगला आहे, पण मला माझी खोली, माझी ड्यूटी, सगळं एकटीचं बसलंय, आता नको. बाईंनी तिला दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा नाही. वाईट वाटलं ते बाईंनाच जास्त. दोन दिवस त्या फोनवर माझ्याशी तुटक बोलत होत्या, जणू नकार मी दिला होता.

त्याला कळवायचं काम माझ्यावर आलं. तो म्हणाला, "ठीक आहे. भेटून बरं वाटलं. मॅडम, माझी नोंद आता काढा. मी सांगतोय म्हणून काढा, तुम्ही बंद करताय म्हणून नाही."

त्या संध्याकाळी मी घरी आले आणि इतक्या वर्षांनी प्रोग्राममध्ये, म्हणजे त्याच्या माझ्या लॅपटॉपवरच्या प्रतीत, बदल केला. स्थिती या रकान्यात तिसरा पर्याय घातला. नाव काय द्यायचं ते बाईंना फोनवर विचारलं. त्यांनी जरा विचार करून सांगितलं, "स्वतः थांबले, असं लिही." ते साताठ जणांना लागू झालं. त्यात क्रमांक एकही होता. वापरायला कोणी उरलं नसलेल्या प्रोग्राममध्ये बदल करण्यात काही अर्थ नव्हता, आणि ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मी त्याला सांगितलंही असतं. पण तो नीट चालला, एकदाही अडला नाही, याचा मला आनंद झाला.

दहा रविवारांत यादी संपली. ज्यांना खरंच अजून लग्न करायचं होतं, अशी अकरा माणसं निघाली. त्यांच्या परवानगीने त्यांची माहिती आम्ही उल्हासनगरच्या एका केंद्राला दिली. ते चालवणाऱ्या ताई बाईंच्याच ओळखीच्या आहेत. बाकी सगळं मी लॅपटॉपवरून पुसलं. लोकांच्या जन्मतारखा, पगार, घरातली भांडणं असं बरंच काही त्यात होतं. मेलेली डिस्क दुकानातून परत आणून बाईंसमोरच स्क्रू काढून तिच्या तबकडीवर हातोडी मारली. बाई म्हणाल्या, "हळू, खाली लहान मूल झोपलंय."

पण ज्यांचे फोन लागलेच नाहीत, ती दीडशेच्या वर नावं बाईंना सोडवेनात. त्यांनी पोस्टातून कार्डं मागवली आणि दुपारी बसून स्वतःच्या हाताने लिहिली, प्रत्येकावर तेच: आपली नोंद आमच्याकडे होती, केंद्र आता बंद झाले आहे, आपले कुशल कळवावे. मी म्हटलं, यातल्या अर्ध्या चाळी पाडून झाल्यात, पोस्टमन कुठे टाकणार? त्या म्हणाल्या, "ते तो बघेल."

बरीचशी कार्डं परत आली, काहींचं काहीच कळलं नाही. गेल्या आठवड्यात मात्र बदलापूरहून एक उत्तर आलं. कोणीतरी जुन्या शेजाऱ्याने कार्ड तिकडे पोचवलं होतं. बाईंनी मला ते वाचायला दिलं. माझं लग्न होऊन सतरा वर्षं झाली, कळवायचं राहून गेलं, क्षमा असावी, असं लिहिलं होतं आणि खाली नवऱ्याचीही सही होती. बाईंनी यादी काढली, चष्मा पुसला आणि ते नाव शोधायला लागल्या.