पुडीतलं हळदीकुंकू

कोल्हापूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग वर ठेवली, खाली उतरले आणि खिडकीपाशी उभे राहिले. माझ्या शेजारच्या बाईंनी कंडक्टरला विचारलं, "ही बाई कुठल्या देशाची हो?" बाबांनी ते खालून ऐकलं. असलं ऐकायची त्यांना सवय होती. मला तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. गाडी हलताना ते एवढंच म्हणाले, "तिथं साऱ्या जगाची माणसं असत्यात पोरी. तुझ्याकडं कोण वळून बघायचं न्हाई."

आम्ही सिद्दी. आमच्या पूर्वजांना कधीकाळी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं. मूळ गाव कर्नाटकातल्या हल्याळच्या जंगलात, पण बाबा साखर कारखान्यात लागले, म्हणून मी कोल्हापूरजवळ जन्मले, मराठी शाळेत शिकले, नर्स झाले. रंग, केस आणि चेहरा मात्र पूर्वजांचा. माझ्या मागे राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जे माझ्यासारखेच घर सोडून इकडे आखातात आले आणि घरच्या आठवणीने ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. माझेही भरून येतात. फक्त मला कुठे जाऊन रडायचं ते कळत नाही.

मुंबईच्या विमानतळावर शिक्का मारणाऱ्या साहेबांनी माझा पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि कुठून बनवून घेतला, असं इंग्रजीत विचारलं. मी मराठीत उत्तर दिलं तसे ते खूश झाले. शेजारच्या काउंटरवरच्याला हाक मारून म्हणाले, "अरे, ऐक तर, ही आपल्यासारखीच बोलते." मग दोघांनी मला पाढे म्हणायला लावले. मागे रांग खोळंबली होती, लोक माना उंचावून बघत होते. विमान चुकू नये म्हणून मी एकोणतीसचा पाढा धडाधड म्हणून दाखवला.

नवरा, परशुराम, माझ्याआधी शारजात आला होता. बांधकाम कंपनीत फोरमन होता. मी पोचले, एका क्लिनिकमध्ये लागले आणि त्याच वर्षी क्रॅश झाला, मंदी आली. क्रेन जागच्या जागी थांबल्या, त्याच्या कंपनीतली निम्मी माणसं घरी गेली. तो राहिला, कमी पगारावर. आमची लेक जुई बाबांकडे होती. तिला आणायचं तर स्वतःचं घर हवं, आणि शारजाच्या अल नहदा भागात तर घरंच घरं रिकामी पडलेली. एजंट फोनवर गोड बोलायचे, यल्ला, चला, आजच या म्हणायचे. आम्ही दारात उभे राहिलो की फ्लॅट अचानक गेलेला असायचा. एकाने सरळ सांगितलं की बिल्डिंग फक्त इंडियन फॅमिलींसाठी आहे. परशुरामने दोघांचे पासपोर्ट पुढे केले. एजंटने ते नीट पाहिले आणि परत दिले.

"पासपोर्ट ठीक है भाई," तो म्हणाला, "लेकिन लोग शकल देखते हैं."

शेवटी अर्धी बिल्डिंग ओस पडलेल्या एका मालकाने नाइलाजाने जागा दिली. जुई आली. खालचा वॉचमन आमच्याच देशाचा. माझ्यापुढून पुण्याचं कुटुंब गेलं की उठून लिफ्टचं बटण दाबायचा आणि माझ्यामागे यायचा, कौनसा फ्लॅट, किसके पास जाना है. ड्युटीवरून आंबून आलेली मी रोज त्याच माणसाला माझ्याच घराचा नंबर सांगत असे.

दोन बिल्डिंगच्या मध्ये झोपाळे होते. तिथे एक दिवस जुईला झोका देताना बाकावरच्या बायकांचं मराठी कानावर पडलं आणि माझं काळीज सुपाएवढं झालं. तेवढ्यात त्यातल्या एकीने आपल्या मुलाला हाक मारली. ह्या कुठून येतात कोण जाणे, तिची पोरगी बसली त्या झोपाळ्यावर बसू नकोस, असं ती मोठ्याने सांगत होती. आम्हाला कळणार नाही, ही खात्री.

"झोपाळा पुसून देऊ का वहिनी?" मी विचारलं.

सगळ्या खूप हसल्या. अय्या, किती गोड मराठी, परत बोला ना, म्हणाल्या. त्या वहिनींचा नवरा बँकेत होता आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा मोठा फ्लॅट होता. त्यांनीच मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. मी तिथे दागिन्यांसाठी किंवा फराळासाठी जाणार नव्हते. जुईला इथे कुणाला तरी मावशी म्हणता यावं, एवढंच मला हवं होतं.

संक्रांतीला सगळ्याच काळं नेसतात. मीही आईने दिलेली काळी चंद्रकळा नेसले, जुईला परकर-पोलकं घातलं. समोरच्या लॉबीतून काळ्या साड्यांचा एक घोळका हसत वर गेला. मला मात्र तिथल्या वॉचमनने अडवलं आणि इंटरकॉमवर कळवलं, की एक आफ्रिकन औरत आली आहे, हळदीकुंकवाला बोलावलंय म्हणते. पलीकडे बायकांचा गलका ऐकू येत होता. मग वहिनींचा आवाज आला, खालच्या पट्टीत, पण स्पष्ट.

"उसको उधर ही रोको. मैं नीचे भेजती हूँ."

थोड्या वेळाने त्यांची मोलकरीण पिशवी घेऊन उतरली. पिशवीत तिळगूळ, वाणाची स्टीलची वाटी आणि कागदाच्या पुडीत हळद आणि कुंकू. हळदीकुंकवाला आलेल्या सवाशिणीच्या कपाळाला घरच्या बाईने आपल्या बोटाने कुंकू लावायचं असतं. त्यासाठीच तर बोलावतात. माझं बांधून पाठवलं होतं. मी पिशवी वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि जुईचा हात धरून निघाले. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. दुबईहून मिस्टरांच्या साहेबांची बायको आली होती, लहान मुलं घाबरतात, तू समजूतदार आहेस, असं म्हणत होत्या. मी म्हणाले, "मुलं घाबरत नाहीत वहिनी, तुम्ही शिकवता त्यांना." त्यानंतर झोपाळ्यापाशी आमच्याशी मराठीत कुणी बोललं नाही. ह्या अपमानाची आग माझ्या पोटात अजून आहे, आणि ती विझावी असं मला वाटतही नाही.

हळूहळू जुई घरात इंग्रजीतून उत्तरं द्यायला लागली. मला वाटलं, इथली सगळीच मुलं देतात.

गेल्या वर्षी आम्ही शेजारच्या अजमानला मोठं घर घेतलं. सामान हलवलं त्या दिवशी नव्या वॉचमनने जुईला लॉबीत थांबवलं, कुठली म्हणून विचारलं. माझ्या हातात कुकर आणि देवांचा डबा होता. इंडिया म्हटलं की काय होतं ते मला पाठ आहे. आधी हसू, मग संशय, मग कार्ड दाखवा, मग आणखी चार जणांना बोलावणं. मी तोंड उघडायच्या आत माझ्या लेकीने शांतपणे सांगितलं, "केनिया." वॉचमन समाधानाने बाजूला झाला, त्याने दार उघडून धरलं.

लिफ्टमध्ये मी तिच्याकडे बघतच राहिले. ती म्हणाली, "ममा, इट्स जस्ट ईझीयर. दे बिलीव्ह इट."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली गेले. वॉचमन उठून उभा राहिला, अदबीने हसला आणि म्हणाला, "मॅडम, आप भी केनिया से?"

मी हो म्हणाले.