पिशाचकाका

मुलांच्या वॉर्डात रक्त काढणाऱ्या माणसाला कुणी जीव लावत नाही. पिशाचकाकांना मात्र सगळे लावत. सुई दिसली की पोरं आकाशपाताळ एक करायची, म्हणून काकांनी खेळण्यांच्या दुकानातून प्लास्टिकचे सुळे आणले होते. ते तोंडात बसवायचे, कोट खांद्यावर टाकायचा आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचं, "एकच घोट हं!" कार्टूनमधलं पिशाच साक्षात समोर बघून पोर खिदळायचं, तेवढ्यात काम फत्ते. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा. वर नळी तोंडाजवळ नेऊन ते पिण्याचं नाटक करत, ढेकरही देत. उभा जन्म यात गेला.

मग त्यांची नातच त्या वॉर्डात आली. तिच्या अंगात रक्त तयारच होईना. तिची बारीक शीर फक्त आजोबांना सापडायची, म्हणून रोज तेच जात. सुरुवातीला ती हसली. एका सकाळी मात्र त्यांना बघताच तिने हात पांघरुणात ओढून घेतला.

"आजोबा, तुम्ही पिता म्हणूनच मी पांढरी पडते ना?"

काकांनी झटकन सुळे काढून हातात घेतले. "अगं वेडे, खोटं असतं ते!"

"पिशाच आधी आपल्याच घरच्यांकडे येतं. गोष्टीत आहे."

काकांनी सुळे कचऱ्यात टाकले. तिला चाकाच्या खुर्चीतून प्रयोगशाळेत नेलं, यंत्रात फिरणाऱ्या नळ्या दाखवल्या. तरी तिने हात मांडीखाली दडवूनच ठेवला. इतकं मन लावून वठवलेलं सोंग, ते एका दिवसात कसं उतरणार? शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, दुसऱ्या कुणाला पाठवा." आपलेच दात, आपलेच ओठ, ती तरी रागावणार कुणावर?

दुसऱ्यांनी टोचून टोचून पोरीचा हात काळानिळा केला, पण शीर काही मिळाली नाही. काकांनाच यावं लागलं.

दारातच लेक ओरडली, "बाबा, कालपासून पोटात अन्नाचा कण नाही तुमच्या! तुम्हीही अंथरूण धरणार का आता?"

नात ऐकत होती. आजोबा शेजारी बसले, तशी तिने आपणहून बाही वर सरकवली आणि हात त्यांच्या मांडीवर ठेवला.

"प्या आजोबा," ती हळूच म्हणाली. "भूक लागलीय ना? आज पोटभर प्या. मी रडणार नाही."

काकांना नको म्हणायचीही सोय नव्हती. रक्त तर काढायचंच होतं.